मेलेल्याची उलटतपासणी

माझ्या नवऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली ती त्याच्याच चुलतभावानं, सूरजनं. भर दुपारी, विहिरीवर, मोटार आधी कोणी लावायची यावरून. पहिला घाव कानावर बसला. भरतनं हात वर केला, तर दुसऱ्या घावाला बोटं गेली. तिसरा डोक्यात. मी भाकरी घेऊन पोचले तेव्हा कुऱ्हाड चिखलात पडली होती आणि मोटार चालूच होती.

भरत लगेच गेला नाही. गेला असता तर सुटला असता. कित्येक महिने अंथरुणात पडून राहिला, मला ओळखत नव्हता, हाताला चावायचा. तोवर जुन्नरच्या कोर्टात मारहाणीची केस चालली. घाव घालताना पाहणारा माणूस एकच, बिरदेव धनगर. खतासाठी त्याची मेंढरं आमच्या रानात बसवली होती.

सूरजच्या वकिलानं त्याला पिंजऱ्यात उभा सोलला. शेवटी विचारलं, "एवढ्या लांबून कुऱ्हाड कशी ओळखलीस?"

"माझीच हाय, साहेब. बाभळ तोडायची म्हणून सकाळी सूरजभाऊनं मागून नेली. पोलिसांनी अजून परत दिली न्हाई."

कोर्ट हसलं. वकील खाली बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मग भरत गेला. केस खुनाची झाली आणि राजगुरुनगरच्या मोठ्या कोर्टात गेली. सूरज आत होता, पण त्याचा बाप सोपान बाहेर मोकाट होता. एका पहाटे कोणीतरी मेंढरांभोवती लावलेल्या वाघरीची जाळी कापून आत शिरलं आणि बिरदेवच्या गाभण मेंढ्यांची पोटं फाडली. बिरदेवची बायको बाळाबाई सांगते, कोकरं नाळेसकट बाहेर पडली होती, त्यातली दोन हलत होती. जाताना कुंपणाला चिठ्ठी नाही, काही नाही, फक्त त्यांच्या पोराची, स्वराजची, टोपी अडकवून ठेवली होती. तो घरात झोपला होता.

पुढच्याच आठवड्यात बिरदेव गावच्या पेठेजवळ पिकअपखाली सापडला. गाडी अंगावरून गेली, थांबली, मागं आली आणि पुन्हा गेली. अपघात कधी मागं येतो का? गाडी सोपानची हे शेंबडं पोरही सांगेल, पण कोर्टात सांगायला कोणी पुढं येईना. मेंढ्यांची पोटं सगळ्यांनी पाहिली होती.

सोपान पारावर बसून म्हणायचा, "साक्षीदार गेला, साक्ष गेली." मला वाटायचं, कोयता घ्यावा आणि त्याची जीभच छाटावी. कोयता मी दोनदा हातात घेतलाही होता.

पण साक्ष गेली नव्हती. सरकारी वकीलबाईंनी मला समजावलं, "बिरदेवनं कोर्टात शपथेवर सांगितलंय आणि त्यांच्याच वकिलानं त्याची उलटतपासणी घेतलीय. माणूस मेला तरी ती साक्ष वाचता येते. फक्त तो मेल्याचं सांगायला बाळाबाईंना उभं करू."

तारखेच्या दिवशी आम्ही दोघी एसटीनं निघालो. मंचर सोडल्यावर बाळाबाई हळूच म्हणाली, "पोरी, मालक साक्ष बदलनार व्हते."

मी तिचं मनगट धरलं. "मावशी, हे कोर्टात सांगू नका. पाया पडते तुमच्या."

"आपनहून न्हाई सांगनार. पर ईचारलं तर खोटं न्हाई बोलनार. बिरोबाचा भंडार लावून निघालेय."

"माझा नवरा मारलाय त्यांनी!"

"माझाबी मारलाय," ती म्हणाली.

खरं सांगते, त्या घटकेला मला तिचाच गळा दाबावासा वाटला. माझी नखं तिच्या मनगटात रुतली होती. तिनं हात काढून घेतला नाही.

कोर्टात बिरदेवची साक्ष वाचली गेली, त्या वकिलाच्या प्रश्नासकट. कुऱ्हाडीचं उत्तर आलं तेव्हा या वेळी कोणी हसलं नाही. मग बाळाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. नवरा मेल्याचं तिनं सांगितलं आणि सूरजचा वकील उठला. एक प्रश्न जास्त विचारायची त्याची खोड कुठं जाणार?

"मरायच्या आधी तुमचा नवरा साक्ष बदलणार होता, हे खरं आहे?"

मी डोळे मिटले.

"व्हय," बाळाबाई म्हणाली.

वकील न्यायाधीशांकडं बघून हसला. "म्हणजे आधीची साक्ष खोटी होती."

"साक्ष खरी व्हती. बदलनार व्हते ती खोटी. मेंढरं कापल्यावर हाय खाल्ली त्यांनी. म्हनाले, नीट दिसलं न्हाई म्हनतो, पोरगा तरी वाचंल. तसा निरोप धाडून, गेले त्याच दिशी तेच सांगाया निघाले व्हते." तिनं मागच्या बाकाकडं हात केला. "तुमच्याच दारी येत व्हते, सोपानभाऊ. वाटंत गाडी घातली तुमी."

वकील ओरडला, पण त्याच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे सूरजकडं पाहत होते. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आबा, जेलात भेटाया आला तवा थांबा म्हनलं व्हतं ना मी! मानूस वळतोय, गाडी काढू नका म्हनलं व्हतं!"

त्यानं पोलिसाला हिसडा दिला, बाकावरून उडी टाकली आणि बापाची मानगूट धरून त्याचं तोंड बाकाच्या कडेवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. नाकाचं हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. दात फरशीवर पडले. तीन पोलिसांनी त्याला ओढून काढला तेव्हा सोपान रक्त थुंकत खुरडत होता. मला खूप बरं वाटलं. ते लपवत नाही.

न्यायाधीशांनी सूरजचा शब्दन् शब्द लिहून घ्यायला लावला. बिरदेवची साक्ष तशीच राहील, म्हणाले. मग बाळाबाईला म्हणाले, "या तुम्ही."

ती जागची हलली नाही. "साहेब, आमची कुऱ्हाड कवा मिळंल?"

"केस संपल्यावर बघू. कशाला हवी?"

बाळाबाईनं फरशीवरच्या सोपानकडं पाहिलं.

"बाभळ तोडायची हाय," ती म्हणाली.