बॉनेट घेऊन म्हापशाला

कॉम्प्रेसर घ्यायला लोक रिकाम्या हाताने जातात. मी गाडीचं बॉनेट घेऊन गेलो. आमच्या लाटंबार्से गावात अजून हसतात, हसूंदेत.

झालं असं. मी खाणीच्या गॅरेजात गाड्या रंगवायचो. खाण बंद पडली आणि मी दुसऱ्याच्या ट्रकावर ड्रायव्हर झालो. आठवडा आठवडा घराचं तोंड नाही. घरामागे काजूच्या बिया ठेवायचा मांगर आहे, तिथे रंगकाम सुरू करायचं हे डोक्यात कधीचं. पण पहिली गाडी देणार कोण?

माझी बायको मालती. तिचा भाऊ शिवदास मोरजीला राहतो, अगदी समुद्राकडे. त्याची तांबडी गाडी खाऱ्या वाऱ्याने धुतलेल्या लुगड्यासारखी फिकी झालेली. मी म्हटलं, माझ्याकडे दे.

तो म्हणाला, "भावजी, देतंय. पण आधी हातचो नमुनो दाखवा. भंगारातलां एक बॉनेट आसा, माझ्याच गाडीच्या मापाचां. तां रंगवा. बरां दिसलां तर गाडी तुमका. नाय तर मी पर्वरीच्या गॅरेजीत नेतंय."

"आणि मी?"

"तुमी जावा ट्रकार."

म्हणजे बघा, माझं घरी राहणं त्या एका पत्र्यावर आलं. रंगाच्या गनला हवा देणारा कॉम्प्रेसर नाही तर पत्रा कसला रंगवतो? मालती म्हणाली देवीला कौल लावा. लावला. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडची पडली, म्हणजे घे. आता कुठला घे, ते देवी थोडीच सांगणार.

शुक्रवारी निघालो. शिवदास आपली तांबडी गाडी चालवायला, बॉनेट वर टपाला बांधलेलं, मागे मालती पिशवीत खायला उंडे पाव घेऊन. रात्रीच मी ते घासून, प्रायमर मारून तयार केलेलं. रंगाचा डबा आणि माझी जुनी गन मांडीवर. मला तर बसवत नव्हतं. जत्रेला निघालेल्या पोराला लाजवीन असा मी जनेलातून डोकं बाहेर काढून, बॉनेट आहे ना वर, ते परत परत बघत होतो.

म्हापशातला दुकानदार दत्तप्रसाद. त्याच्याकडे दोन कॉम्प्रेसर समोर मांडलेले. एक लहान, चकचकीत, एका हाताने उचलावा असा. दुसरा पट्ट्यावर चालणारा, मोठ्या टाकीचा, दोन माणसांनी ढकलायचा. मी लहानाचं बटन दाबलं. काय दाबाची सुई चढली म्हणता, बघता बघता वर.

"हाच," मी म्हटलं.

आता माझी खोड सांगतो. ट्रकवाला जन्मभर टायर भरतो. टायराला दाब लागतो. सुई चढली, टायर फुगला, चल पुढे. आणि खाणीत गनला हवा भिंतीतल्या नळातून यायची. कॉक उघडा, पाहिजे तेवढी घ्या. ती करणारं मशीन डोंगराच्या पलीकडे, घराएवढं. मी ते कधी बघायला पण गेलो नाही. हवा संपते, हेच मला माहीत नाही.

मालती म्हणाली, "ओ, घाई कसली? मग पत्रो आणलो तो कित्याक?"

दत्तप्रसादनं मागचं अंगण दिलं. नळीला पाणी गाळायची बाटली लावली, कारण आमच्या हवेतली ओल रंगात शिरली की फोड येतात. मी गन धरली. पहिला हात गेला, दुसरा गेला, झकास. तिसऱ्याला सुई खाली घसरली. मशीन बोंबलतंय, तरी सुई खालीच. गन थुंकायला लागली. अर्धं बॉनेट गुळगुळीत, अर्ध्यावर काटे.

शिवदास वाकून बघतो. "भावजी, ह्यां बॉनेट की फणस?"

ट्रकाची केबिन दिसायला लागली डोळ्यांसमोर.

मालती माझ्यावरच घसरली. "सुई चढता ती बघलात, उतरता ती बघूंक नाय. आमची पाण्याची टाकी भरलेली आसली तरी दोन नळ सोडले की पंपाक आवरता?"

दत्तप्रसाद हसला. "वहिनी बरोबर बोलते. मिनिटाला हवा किती देतो ते आधी विचारायचं. तुमची गन पिते, त्याहून जास्त देणारा घ्यायचा. हा मोठा देतो."

"घरची लाईट पेलणार?"

"पेलणार. विहिरीचा पंप त्याच वेळी लावू नका."

"पंप माझ्या हातात आसा," मालती म्हणाली.

हवेवर चालणारं घासायचं मशीन पण मी हातात घेतलेलं. ते गनपेक्षा जास्त पितं म्हणाला, तर गपचूप खाली ठेवलं. घासायला पाणीपेपर आहे, माझे हात आहेत.

रंग ओला होता तोवर थिनरने सगळा पुसून काढला. पत्रा सुकवला, परत घासला. मोठा सुरू केला. धग धग धग, आवाज कसा, भरल्या पोटाचा. सुई थोडी उतरली आणि तिथेच थांबली. मी एका कडेवरून दुसऱ्या कडेला, परत इकडे. गन एकसारखी श्वास सोडते आहे. तांबडा रंग असा पसरला, की वरच्या माडाची झावळं त्यात हलताना दिसली. हातावर काटा आला माझ्या, खोटं नाही सांगत.

शिवदास वाकून त्यात आपलं तोंड बघायला लागला.

दत्तप्रसाद म्हणाला, "हे इथेच ठेवा, गिऱ्हाइकांना दाखवतो."

"खंय ठेवतां?" शिवदास एकदम पुढे. "माझ्या गाडीचां तां."

मी म्हटलं, "भंगारातलां मरे."

तो आपल्या गाडीभोवती एक फेरी मारून आला. फिकं बॉनेट बघितलं, मग ओलं बघितलं. "ह्यां बसवलां तर बाकीची गाडी काय तोंड दाखवतली? म्हातारी करून टाकलात तिका. सोमवारी मांगरात आणून सोडतंय."

मी काही बोलायच्या आधी मालतीने माझ्या खिशातला फोन काढून माझ्या हातात दिला. "ट्रकाच्या मालकाक सांगा," म्हणाली, "दुसरो ड्रायव्हर बघ म्हणून."