चढावरचा हात

सांडूतात्यांच्या सायकलच्या हँडलला टाळांची जोडी बांधलेली होती. रस्त्यात खड्डा आला की ती किणकिणायची, आणि मागून येणारा मजीद विचारायचा, "आलं का देऊळ?"

"तुझ्यासाठी तर रोजच वाजवतोय, पण तू कुठं जागा होतोस!" तात्या मागं न बघता म्हणायचे.

दोघं एका गल्लीतले. मजीदचं शहरात सायकलींचं दुकान, आणि तात्या नुकतेच नोकरीतून मोकळे झालेले. जन्मात कधी सुट्टी म्हणून घराबाहेर न पडलेली ही दोन माणसं यंदा तीन दिवसांसाठी सायकली घेऊन डोंगरात निघाली होती, त्याला कारणही तसंच होतं. देशातल्या नावाजलेल्या संघांची मोठी शर्यत या वर्षी छत्रपती संभाजीनगरच्या घाटांतून जाणार होती. पहिल्या दिवशी दौलताबादचा घाट चढून म्हैसमाळ. दुसऱ्या दिवशी खालच्या अंगानं सोयगाव, फर्दापूर करत अजिंठ्याचा घाट. तिसऱ्या दिवशी परत शहर. शर्यतवाले लांबून वळसा घालून येणार, तोवर या दोघांनी जवळच्या रस्त्यानं पुढचा घाट गाठायचा, असा बेत. आणि त्या शर्यतीत तात्यांचा एकुलता एक शिवम होता.

इंजिनिअरिंग अर्ध्यावर टाकून पोरगं सायकलीच्या नादाला लागलं, तेव्हा तात्या त्याच्याशी सहा महिने धड बोलले नव्हते. आता राग निवळला होता. पण निवळला म्हणजे काय, तर मनात एक हिशोब धरून बसला होता: एवढं सगळं सोडलंय ना, मग निदान पहिला तरी ये.

दौलताबादच्या घाटात दोघं सकाळपासून उभे होते. हुरड्याला आलेल्या ज्वारीचा वास खालून वर येत होता. आधी मोटारसायकली गेल्या, मग पाखरांचा थवा वळावा तसा सायकलींचा एक रंगीत लोंढा सर्रकन गेला. तात्यांनी टाचा उंचावून पाहिलं. पुढं शिवम नाही. मधेही नाही. लोंढा गेला, धूळ बसली, आणि मग खालच्या वळणावरून एकटा शिवम वर येताना दिसला. अंगातल्या बनियनमध्ये पाठीमागं पाण्याच्या बाटल्या कोंबलेल्या, पाठीला कुबड आल्यासारखं, आणि तोंड उघडं.

त्या डोंगरातली एक रीत आहे. चढाला लागलेल्या गाडीला हात लावल्याशिवाय माणसानं पुढं जाऊ नये. कापसाची बैलगाडी असो, मक्याची ट्रॉली असो, नाही तर बायको-पोरं घेऊन निघालेली कुणाची जुनी लूना असो. घाटात कुणी अडलं की हातातलं काम टाकायचं, पाठीमागून रेटा द्यायचा, माथ्यावर सोडायचं आणि नावगाव न विचारता आपल्या वाटेनं लागायचं. तात्यांना हे वडलांनी शिकवलं होतं. वडलांना त्यांच्या वडलांनी.

त्यामुळं तात्यांनी विचार असा काही केलाच नाही. शिवम समोर आला तसे ते धावले, दोन्ही तळवे त्याच्या पाठीवर टेकवले आणि रेटत पळत सुटले.

"चल रे माझ्या वाघा!"

"तात्या, सोडा! सोडा आधी!" शिवम ओरडला.

"अरे छोड रे सांडूभाई, छोड उसको!" मजीद मागून बोंबलला.

तात्यांना वाटलं, दोघं कौतुकानंच ओरडताहेत. त्यांनी आणखी जोर लावला. तोवर पंचाची मोटारसायकल शेजारी आली. मागं बसलेल्या माणसानं तात्यांकडं पाहिलं, शिवमच्या पाठीवरचा नंबर पाहिला आणि काहीतरी टिपून घेतलं.

संध्याकाळी दोघं सिल्लोडला मजीदच्या बहिणीकडं, शकीलाआपाकडं पोचले, तेव्हा शिवमचा फोन आला.

"तात्या, ताकीद दिलीय मला. पुन्हा कुणी पाठीला हात लावला तर शर्यतीतून बाद. आणि ही शर्यत पुरी केली तरच संघ मला पुढच्या वर्षी ठेवणार आहे. सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"अरं पण तू मागं का राहिलास?"

"पाणी आणायला गेलो होतो संघाच्या मागच्या गाडीकडं. कप्तानासाठी."

"पाणी?" तात्यांचा आवाज चढला. "कॉलेज सोडून तू दुसऱ्याला पाणी वाहतोस व्हय रे?"

मग शिवम हळू म्हणाला, "तेच काम आहे तात्या माझं," आणि फोन ठेवला.

शकीलाआपानं तात्यांच्या गळ्यातली माळ ओळखून त्यांच्यासाठी नव्या पातेल्यात वांग्याची भाजी केली होती. गरम भाकरी ताटात पडली, पण तात्यांचा हात काही पुढं होईना. मजीदनं दोन घास खाल्ले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "सांडूभाई, महाराजांच्या मागं टाळ घेऊन कधीपासून उभा आहेस तू?"

"लगीन झाल्यापासून."

"महाराज कीर्तनात दमले तर?"

"तर आम्ही ध्रुपद धरतो. टाळकरी सगळे मिळून ती ओळ उचलून धरतो. तेवढ्यात महाराज दम खातात, घोटभर पाणी पितात."

"अन् कीर्तन झाल्यावर लोक पाया कुणाच्या पडतात?"

"महाराजांच्या. म्हणजे काय!"

"मग तुला कुणी इचारलं का कधी, का रे सांडू, तू पुढं का नाही म्हणून? तुला लई वाईट वाटत असंल."

"वाईट?" तात्या उसळले. "मजीद, तुला नाय कळायचं ते. महाराजांचा आवाज बसत चाललाय, अन् आपण मागून असं काही धरलं की त्यांना पुन्हा उभारी आली, तेव्हा जे सुख असतं ना..."

आणि ते तिथंच थांबले. भाकरी ताटात तशीच होती.

"भाकर थंडी होऊ रई, भाईजान," शकीलाआपा म्हणाली.

तात्यांना त्या भाकरीबरोबर आणखी एक गोष्ट गिळावी लागत होती. निघण्याआधी त्यांनीच फुशारकीनं मेहुण्याला, धोंडिबाला, फोन करून ठेवला होता. धोंडिबाचं गाव अजिंठ्याच्या घाटमाथ्यावरचंच. तिथं सप्ताह चालू होता; तिसऱ्या दिवशी त्याच्या शेवटच्या काल्याची पंगत उठली की मगच शहराकडं निघायचं होतं. तात्यांची सरूबाईही त्यासाठी माहेरी गेलेली. 'आपला शिवम घाट चढून येणार आहे, सगळं गाव हाताशी ठेव,' असं तात्या म्हणाले होते. सकाळी उठल्याबरोबर त्यांनी धोंडिबाला फोन लावला आणि कुणी हात लावू नका म्हणून परोपरीनं सांगितलं. धोंडिबा मोठ्यानं हसला.

"दाजी, शहरात राहून तुम्ही पार पाव्हणे झालात बघा. आपल्या घाटात आपल्या पोराला हात लावायचा नाय? तालमीतली पोरं उभी केलीत म्या. शेवटच्या वळणापासून उचलूनच नेतो त्याला, सायकलीसकट!"

तात्यांनी फोन खिशात टाकला आणि मजीदला म्हणाले, "उठ. आज लवकर पोचलं पाहिजे."

सिल्लोड ते अजिंठा टाळ असे वाजत होते, की मजीदला एकदाही चेष्टा सुचली नाही.

घाटमाथ्यावर अंतिम रेषेची कमान उभारली होती. तिथून थोडं खाली, शेवटच्या वळणावर, अख्खा सप्ताह येऊन उभा होता. पखवाजवाला पखवाजासह, बाया डोक्यावर पदर घेऊन, आणि रस्त्याच्या कडेला धोंडिबाची पैलवान पोरं बाह्या सारून. सरूबाईनं नवऱ्याला पाहिलं आणि म्हणाली, "आवं, किती वाळलात दोन दिवसांत! पोरगं कुठंय?"

पोरगं कुठंच नव्हतं. पहिला घोळका गेला, त्यात शिवमच्या संघाचा कप्तान होता, चांगला पुढं. दुसरा गेला, तिसरा गेला. मजीद माथ्यावर जाऊन त्या संघाच्या मेकॅनिकला विचारून आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"फर्दापूरच्या अलीकडं कप्तानाचं चाक पंक्चर झालं. गाडी लांब होती. शिवमनं आपलं चाक काढून त्याला दिलं अन् स्वतः रस्त्याच्या कडेला उभा राहिला. दुसरं चाक मिळेपर्यंत सगळे निघून गेले. आता सगळ्यात शेवटी आहे तो."

"येऊ दे की सावकाश," सरूबाई म्हणाली.

"तसं नाही भाभी. पहिला पोचला की तिथून वेळ मोजतात. ठरलेल्या वेळात जो पोचला नाही, त्याला उद्या सायकल लावू देत नाहीत. वर लाल झेंडा घेऊन माणूस उभा आहे. त्यानं झेंडा टाकला की खेळ खलास."

धोंडिबानं हात चोळले. "म्हणजे आता तर हात लावायलाच पाहिजे. दाजी, तुमचा तो पंच बिंच काय करतोय! चौघं आडवे उभे करतो, बाकीचे रेटतील. कुणाच्या बापाला दिसणार नाय."

खरं सांगायचं तर त्या घटकेला तात्यांच्याही तळव्यांना मुंग्या आल्या होत्या. खालच्या वळणावर शिवम दिसला. रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी येत होता, एकेका पायडलाला सगळं अंग झोकून देत. मागं झाडू बांधलेली गाडी, शेवटच्याला उचलून न्यायला ठेवलेली. शेजारी पंचाची मोटारसायकल. बाप झाल्याचं चीज करायचं तर पाच-दहा पावलं धावायचं फक्त. मग पुढं काय व्हायचं ते होवो.

तात्या रस्त्यावर उतरले, पोरांकडं तोंड करून उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले.

"धोंडिबा, ऐक. माझ्या पोराला आज जो हात लावील, त्यानं उद्या काल्याला माझ्या पंगतीत बसू नये. मी स्वतः लावला तर मलाही उठवा."

काल्याच्या पंगतीचं नाव निघाल्यावर पैलवान पोरांचे हात आपोआप मागं गेले. तेव्हा सरूबाईच पुढं झाली. डोळ्यांत पाणी, पण आवाज चढलेला.

"मग काय नुसतं बघत ऱ्हायचं का आम्ही? माझं लेकरू तिकडं मरतंय!"

तात्यांनी मागं वळून सायकलीकडं पाहिलं. मग घाईघाईनं गेले आणि हँडलची दोरी दातानं सोडून टाळ काढले.

मोठ्या गजरानं सुरुवात करावी, असं कुणालाही वाटलं असतं. पखवाजवाल्यानं तर हात उचललाच होता. तात्यांनी मान हलवून त्याला थांबवलं. महाराज दमलेले असले की टाळकऱ्यानं आधी त्यांचीच लय धरायची असते, मग ती कळू न देता चढवायची. एकदम जलद धरली तर दमलेला माणूस तुटतो. तात्यांनी शिवमच्या पायांवर नजर ठेवली. उजवा पाय खाली आला, टाळ वाजला. किती लांब गेला तो मधला वेळ! पुन्हा पाय खाली, पुन्हा टाळ. "राम... कृष्ण... हरी..."

बायांनी धरलं. पखवाजानं अलगद थाप दिली. शिवम जवळ आला तसे तात्या त्याच्या बाजूनं, हातभर अंतर ठेवून, रस्त्याच्या कडेनं चालू लागले. शिवमनं मान वर केली नाही. पण टाळाच्या ठोक्यावर त्याचा पाय पडू लागलाय, हे तात्यांना कळलं. जन्म त्यातच गेला होता. मग त्यांनी लय केसभर पुढं सरकवली. पाय पुढं सरकला. आणखी केसभर. सायकल नागमोडी जायची थांबली. पंच शेजारून बघत होता, टिपण्यासारखं त्याला काही सापडत नव्हतं. तात्या आता पळत होते, टाळ छातीशी, माळ उडतेय, आणि बापाच्या अन् लेकाच्या मधे ते हातभर अंतर तसंच.

वळण आलं आणि तात्यांचा दम संपला. आवाज फुटेना, टाळ चुकला. तोच मागून सरूबाईनं ओळ उचलली, तिच्या मागून सगळ्या बायांनी, धोंडिबाच्या पोरांनी, आणि शब्द न लावता टाळ्यांचा ठेका धरून मजीदनं. सगळा घाट वाजायला लागला. तात्या गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि शिवम त्या आवाजावर स्वार होऊन वळणापलीकडं दिसेनासा झाला.

वरून कसलीच खबर येईना. मजीद पळत माथ्यावर गेला. मग वळणाच्या तोंडाशी तोच दिसला, टोपी हातात, ती हवेत फिरवत.

"आला! आला! झेंडा पडायच्या आत आला!"

सरूबाईनं पदरात तोंड लपवलं. धोंडिबा म्हणाला, "दाजी, उद्याच्या काल्याला तुम्ही माझ्या पंगतीत बसा," आणि नाक ओढलं.

माथ्यावर शिवम कमानीच्या पलीकडं जमिनीवर पाय पसरून बसला होता. त्याचा कप्तान, केरळकडचा एक उंच पोरगा, त्याच्या शेजारी उकिडवा बसून स्वतःच्या हातानं त्याला पाणी पाजत होता. ते बघून तात्या जागच्या जागी थांबले. मग जवळ गेले आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभे राहिले, मास्तरांसमोर उभं राहिल्यासारखे.

"तात्या," शिवम म्हणाला. आवाज कसाबसा निघत होता. "ठेका आधी एवढा हळू का धरला होता?"

"तुझाच होता तो," तात्या म्हणाले. "मी कशाला ठरवू?"

शिवम हसला. बाप काही केल्या जवळ येत नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

"लावा की आता हात. आजची शर्यत संपली."

तात्यांनी मजीदकडं पाहिलं. "चालतं का रे?"

"चालतं, चालतं," मजीद म्हणाला. "आता कुणी टिपत नाही."

तेव्हा तात्या खाली बसले आणि घामानं भिजलेल्या त्या पाठीवर, बाटल्यांनी वळ उठले होते तिथं, त्यांनी आपला तळवा ठेवला. रेटा दिला नाही. नुसता ठेवला.