जिलेबीचा कितवा आकडा

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, आणि वाळूजच्या एका कारखान्यात कामगारांनी दुपारच्या जेवणाला जिलेबीच पाहिजे असा हट्ट धरला. कॅन्टीन साळूबाईचं. तिनं फळ्यावर जिलेबीच्या ताटांचा आकडा लिहिला, बाकीच्या शेडची मिळून ऐंशी. अट एकच: "मला बेरीज येत नाय. एकूण आकडा सांगा, लिहिते."

प्रेस शॉपचा कारभारी फळा बघून गेला. पाठोपाठ पेंट शॉपचा गयासही बघून गेला. दोघांनी आपापल्या शेडमधली माणसं मोजली. कारभाऱ्याची पंचवीस निघाली. "लिहा मावशी, एकशेपाच." तिनं लिहिलं. मग गयास आला. त्याच्या डोक्यात अजून ऐंशीच होते, वर त्याची चाळीस. "एकशेवीस लिखो, मावशी." साळूबाईनं एकशेपाच पुसून एकशेवीस केले.

कारभाऱ्याची पंचवीस माणसं फळ्यावरून पुसली गेली, पण जेवायला आली, तीही रिकामी ताटं वाजवत. साळूबाईनं जिलेबीचे तुकडे केले, तुकड्यांचे तुकडे केले, शेवटी नुसता पाक वाढला. बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी पुन्हा जिलेबी करायचं ठरलं. पुन्हा ऐंशीच लिहिले, पण या खेपेला साळूबाईनं खडू कमरेला खोचला आणि कोपऱ्यात नंबर घातला: पहिला. आकडा बदलला की नंबर पुढं जाणार.

गयास धापा टाकत आला. "एकशेवीस!"

"कितवा बघून गेलतास?"

"पहिला."

"आता दुसरा चाललाय. कारभारी येऊन गेला. नीट बघ."

गयासनं एकशेपाच बघितले, पण आपली माणसं किती तेच विसरला. पळाला शेडकडं. तेवढ्यात कारभाऱ्याला तीन शनिवारवाले उपासकरी आठवले, एकशेदोन झाले. मग उपासाला जिलेबी चालते असा निकाल लागला, परत एकशेपाच.

"दुसरा बघितला, एकशे पंचेचाळीस!" गयास ओरडला.

"आता चौथा हाय."

"आकडा तर तोच आहे ना!"

"मधी काय काय घडलं तुला ठाव हाय का? पुन्हा बघ."

या वेळी गयास फळ्यासमोरून हललाच नाही. एका दमात म्हणाला, "चौथा, एकशेपाच, माझी चाळीस, एकशे पंचेचाळीस!" साळूबाईनं चौथा ताडून बघितला, मगच पुसलं, लिहिलं, पाचवा घातला.

मॅनेजरसाहेबांनी दारातून विचारलं, "माझं ताट धरलंय ना?"

"कितवा आकडा बघितलात, साहेब?"

साहेब चष्मा लावून फळ्यापाशी गेले.

एकशे शेहेचाळीस ताटं मांडली, तेवढीच माणसं जेवली. गयासनं जिलेबी बाजूला सारून आधी तांब्याभर पाणी ढोसलं.