रोज तीस

पिस्तूल झिजू नये म्हणून रोज किती गोळ्या झाडाव्यात, हा प्रश्न मला उभ्या आयुष्यात एकाच माणसाने विचारला आणि त्याला मी चुकीचं उत्तर दिलं. बाकीचे लोक एवढंच विचारायचे, की मेस्त्री, दुरुस्ती कधी होणार? त्यांना मी 'उद्या' असं बरोबर उत्तर देत असे. कुठला उद्या, ते कुणी विचारलं नाही.

शूटिंग क्लबात मी हत्यारं दुरुस्त करतो. रेंजच्या पाठीमागे माझी खोली आहे. एक लेथ, एक वाइस, एक खिडकी आणि एक खुर्ची, जिच्यावर मी सोडून कुणी बसू शकत नाही, कारण ती कुठल्या बाजूला कलते ते फक्त मला माहीत आहे. हा प्रश्न विचारणारे गृहस्थ वजनमापे खात्यात निरीक्षक होते. जन्मभर दुकानदारांचे तराजू तपासले. एका ग्रॅमसाठी त्यांनी स्वतःच्या साडूचं दुकान बंद करवलं होतं म्हणतात. तेव्हापासून साडू बोलत नाही, आणि साहेबांच्या मते तो बरोबर आहे, कारण गुन्हेगाराने गप्पच राहावं. क्लबात त्यांना मागे 'वजनमापे' म्हणत आणि तोंडावर 'साहेब'.

त्यांची मुलगी अठराची होती तेव्हा क्लबच्या जुन्या पिस्तुलावर कनिष्ठ गटात तिसरी आली. साहेबांनी तिला बावीस बोअरचं नवंकोरं पिस्तूल घेऊन दिलं. ते माझ्या खोलीत आणलं तेव्हा दोन्ही हातांवर असं धरलं होतं, की मला वाटलं आता मला नाव सुचवायला सांगतात.

"मेस्त्री, हिने रोज किती गोळ्या झाडल्या तर चालेल? म्हणजे नळी झिजणार नाही अशा बेताने?"

माझा डबा उघडा होता आणि घास हातात होता. खरं उत्तर असं, की साहेब, शिशाच्या गोळीने पोलादाची नळी झिजायला काही लाख गोळ्या लागतात, त्याआधी तुम्ही आणि मी झिजू; पोरीला हव्या तेवढ्या मारू द्या. पण हे उत्तर लांब होतं आणि डबा निवत होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. त्या दिवशी तीस तारीख होती.

"तीस," मी म्हणालो.

"तीस. आणि निगा?"

"रोज साफ करायचं. झाडा, नाहीतर नका झाडू. रोज."

साहेबांनी खिशातून डायरी काढून हे लिहून घेतलं, तारीख घातली आणि खाली रेघ मारली. लिहून घेणाऱ्या माणसाशी थट्टा करू नये, हे मला तिथेच समजायला हवं होतं. समजायला अकरा वर्षं लागली.

अकरा वर्षं तो बाप रेंजच्या बाहेरच्या बाकावर बसला. मांडीवर पत्र्याचा डबा. त्यात तेलाची बाटली, चिंध्या आणि एक पोलादी सळई. आतून बार ऐकू येत, साहेब मोजत. तिसावा बार झाला, की उठून दाराच्या काचेवर बोटाचं पेर दोनदा वाजवत. टक टक. मुलगी पिस्तूल खाली ठेवून बाहेर येई. मग साहेब सळईला चिंधी गुंडाळून नळीच्या तोंडातून घालत आणि अर्धा तास घासत. रेंज बंद असेल त्या दिवशी घरी घासत. लग्नाला गेले तर परत आल्यावर हातपाय धुण्याआधी घासत.

स्पर्धेत साठ गोळ्या असतात. म्हणजे निम्मी स्पर्धा ती सरावाशिवाय खेळायची. तरी पहिली दोन वर्षं मुलगी जोरात होती. तिसऱ्या वर्षी संघाची निवड चार गुणांनी हुकली. चौथ्या वर्षी सहा. मग दर वर्षी हुकण्याचा आकडा नेमाने वाढत गेला.

प्रशिक्षकाने सांगितलं, हात हलतो. झालं, घर त्या हाताच्या सेवेला लागलं. चहा बंद. हँडलची थरथर नको म्हणून स्कूटर बंद. आई रोज तेल लावून हात चोळायची. पाण्याची बादली भाऊ उचलायचा आणि बडबडायचा, की आमच्याकडे एक राणी आहे आणि तिचा एक हात आहे, दोघांचं वेगवेगळं करावं लागतं. पुढे त्याला मूल झालं, तेव्हा आत्याने बाळाला डाव्या हातानेच घेतलं. तिचा उजवा हात त्या घरात पाहुण्यासारखा राहत होता, आणि पाहुणा काही केल्या खूश होत नव्हता.

मी हे सगळं ऐकायचो आणि हळहळायचो. पिस्तूल तपासू का, असं एक-दोनदा विचारलंही. साहेब म्हणायचे, "मेस्त्री, तुम्ही सांगितलंत तसंच चाललंय सगळं. पिस्तुलाची काळजी नाही." मी खूश व्हायचो. आपलं ऐकणारा माणूस भेटला, की तो ते कशा रीतीने पाळतोय हे आपण विचारत नाही.

परवा दुपारी दोघं आले. साहेब आता पंच्याहत्तरीला आलेत, हातांना कंप आहे. त्यांना बाकावर बसवून मुलगी एकटी माझ्या खोलीत आली आणि पिस्तुलाची पेटी टेबलावर ठेवली. सळईचा डबाही ठेवला.

"विकायचंय, काका. तुमचा तपासणीचा दाखला लागतो म्हणे."

"विकायचं? का ग?"

"एकोणतीस पूर्ण झाली. हात काही थांबत नाही. परवा निवड झाली, चोवीस गुणांनी राहिले. चोवीस! आता तर लहान पोरी मला ताई म्हणून पाणी आणून देतात." ती हसली. "बाबांना विचारलं. म्हणाले, हरकत नाही, पण घेणाऱ्याला तीसचं सांगून ठेव."

"तू बस त्यांच्यापाशी. अर्धा तास लागेल."

मी भिंग डोळ्याला लावलं. नळी आतून आरशासारखी होती. अकरा वर्षांत तिला लाखभर गोळ्यांपलीकडे काही माहीत नव्हतं. मग नळीचं तोंड पाहिलं, आणि भिंग काढून पुसलं, आणि परत पाहिलं.

गोळी नळीतून सुटताना तोंडाच्या कडेला शेवटची शिवते. ती कड सगळीकडून सारखी हवी, एका केसाइतकीसुद्धा कमी-जास्त नको. इथे ती एका बाजूने घासून लंबुळकी झाली होती. सळई उचलून पाहिली, तर तीही एका बाजूने चपटी. अकरा वर्षं रोज दोघांनी एकमेकांना झिजवलं होतं. गोळ्यांनी काहीच झालं नव्हतं. जे झालं ते निगेने झालं होतं.

तरी खात्री हवी. पिस्तूल रेंजवर नेऊन तिथल्या वाइसमध्ये घट्ट आवळलं आणि पाच गोळ्या झाडल्या. वाइसचा हात थरथरत नाही. तो चहा पीत नाही आणि त्याला निवडीची काळजी नसते. कागदावर पाच भोकं माझ्या पंजाएवढ्या जागेत विखुरली. मग लेथवर नळीचं तोंड केसभर कापून सरळ केलं. वीस मिनिटांचं काम. परत वाइस, परत पाच गोळ्या. या वेळी पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली.

दोन्ही कागद हातात घेऊन मी त्या कलत्या खुर्चीवर बसलो. दाखला लिहायचा, पेटी बंद करायची, कुणाला काही कळलं नसतं. घेणाऱ्याला चांगलं पिस्तूल मिळालं असतं. आणि ती पोरगी उरलेलं आयुष्य भाच्यांना डाव्या हाताने घेत राहिली असती.

मी तिला बोलावलं आणि दोन्ही कागद पुढे ठेवले.

"हा आधीचा. हा आत्ताचा. पिस्तूल तेच. वाइसमध्ये धरून मारलंय, माणसाचा हात लागलेला नाही."

तिने पहिला कागद बराच वेळ पाहिला. त्यातली भोकं तिच्या ओळखीची असावीत.

"म्हणजे माझा हात..."

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं." मी सळई उचलून तिला चपटी बाजू दाखवली. एवढं पुरलं. हुशार पोरगी.

"बाबा," ती म्हणाली.

"बाबा नाही. मी. ते बिचारे विचारायला आले होते. रोज साफ करा, मी सांगितलं. नळीत मागून चिंधी बांधलेली दोरी घालून पुढे ओढायची असते, हे सांगितलं नाही. तीसही मीच सांगितलं."

"तीस का पण?"

खोटं बोलता आलं असतं. शास्त्र आहे म्हणून सांगता आलं असतं. मी भिंतीकडे बोट केलं. "त्या दिवशी तीस तारीख होती."

ती कॅलेंडरकडे बघत राहिली. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडावं असंही वाटलं.

"दोन तारीख असती तर बरं झालं असतं, काका," ती म्हणाली. "दोन गोळ्यांत कंटाळून कधीच सोडून दिलं असतं मी."

माझ्या आयुष्यातल्या थट्टेला मिळालेलं हे सगळ्यात नेमकं उत्तर.

"साहेबांना मी सांगतो. माझी चूक आहे, मीच—"

"नाही." तिने पहिला कागद चार घड्या करून पर्समध्ये टाकला. "त्यांना काही सांगायचं नाही. कागदही दाखवायचा नाही. त्यांच्याजवळ आता तेवढंच आहे, की त्यांनी नीट सांभाळलं. गोळ्या द्या."

ती आत गेली. मी व्हरांड्यात येऊन साहेबांच्या बाजूला उभा राहिलो.

"शेवटचं मारून बघते म्हणाली," मी सांगितलं.

"बघू दे. मन लागलेलं असतं हो." आणि त्यांनी मोजायला सुरुवात केली. ओठ हलत होते. पंधरा झाल्यावर म्हणाले, "आज बारांची लय चांगली आहे. मला आवाजावरून कळतं." अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. साहेब माझ्या आधाराने उठले आणि काचेवर पेर वाजवलं. टक टक. बोट कापत होतं म्हणून तीनदा वाजलं.

साहेब बसायला वळले.

तेवढ्यात एकतिसावा बार झाला.

साहेब जागीच थांबले. काचेतून मला ती दिसत होती: पिस्तूल खाली घेतलेलं, पाठ आमच्याकडे, उजवा हात स्थिर. मग तिने डाव्या हाताने डोळे पुसले आणि बाहेर आली.

"एक जास्त झाली, बाळा."

"हो बाबा. चुकली मोजायला."

"असू दे, असू दे. एवढ्याने काही होत नाही. मी आज जरा जास्त वेळ साफ करतो." मग माझ्याकडे वळून, "नळी कशी आहे मेस्त्री? खरं सांगा."

"आरशासारखी आहे, साहेब." हे तरी खरं होतं.

"बघा. तुमच्या एका शब्दावर चाललो. घेणाऱ्यालाही सांगा, तीसच्या वर जाऊ नको म्हणून."

"विकत नाहीये, बाबा," ती म्हणाली.

"नाही? मग हे काम परत माझ्याकडेच!" असं म्हणून साहेबांनी हात पुढे केला. त्यांना एवढं खूश मी मुलगी तिसरी आली तेव्हाही पाहिलं नव्हतं. तिने पिस्तूल रिकामं आहे ना बघून त्यांच्या हातात दिलं आणि माझ्या खोलीतून सळईचा डबा आणून ठेवला. त्यांनी सळईला चिंधी गुंडाळली आणि कापत्या हाताने नव्या कापलेल्या तोंडात घातली. पोलादावर पोलाद घासल्याचा बारीक आवाज आला. मी पुढे झालो, तशी तिने नुसती मान हलवली.

"महिन्याला एकदा आणत जा," मी हळूच म्हणालो. "तोंड कापून देत जाईन. केसभरच जातं. नळीला लांबी पुष्कळ आहे."

"नळी पुरेल, काका," ती म्हणाली. ती त्यांच्याकडे बघत होती.

मग ती बाकावर त्यांच्याशेजारी बसली आणि एकेक चिंधी फाडून त्यांच्या हातात देऊ लागली. उजव्या हाताने.