चारशे आठ किलो

लिफ्टच्या मिस्त्रीला लिफ्टची भीती वाटायला लागली, ही गोष्ट सुरुवातीला फक्त दोघांना ठाऊक होती. एक तो स्वतः आणि दुसरा त्याचा कामावरचा जोडीदार.

सव्वीस वर्षं मिस्त्रीने लिफ्टच्या अंगाखांद्यावर काढली होती. डब्याच्या डोक्यावर उभं राहून पोलादी दोर तपासायचे, तळाच्या खड्ड्यात उतरून साफसफाई करायची, मोटारीच्या नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं ओळखायचं, यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. अडकलेल्या लिफ्टमधून बाहेर काढलेली माणसं घामाघूम झालेली असायची. त्यांच्या पाठीवर हात ठेवून तो सांगायचा, की यात मरायला होत नाही हो, फक्त कंटाळा येतो.

मग एका सकाळी, एका ऑफिसच्या इमारतीत, तो नेहमीसारखा खड्ड्यात उतरला आणि त्याच्या छातीत धाडधाड सुरू झालं. हात बधिर पडले. वरचा डबा जागच्या जागी होता, वीज बंद केलेली होती, तरी तो आपल्या अंगावर येतोय असं त्याला वाटलं. जोडीदाराने त्याला बखोटीला धरून वर ओढलं आणि थेट दवाखान्यात नेलं. तिथे तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय ठणठणीत आहे, घाबरलंय ते मन, आणि त्यावर औषध आहे. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, पंधरा दिवसांनी परत बोलावलं, आणि एका चिठ्ठीवर दर बुधवारी संध्याकाळी भरणाऱ्या एका आधारगटाचा पत्ताही लिहून दिला.

गोळ्या मिस्त्रीने मुकाट्याने घेतल्या. चिठ्ठी मात्र पँटच्या खिशात घडी घालून ठेवली ती ठेवलीच. त्यानंतर तो जिन्याने जाऊ लागला. लिफ्टच्या आतलं काम जोडीदार करायचा, हा बाहेर उभा राहून पाने आणि स्क्रूड्रायव्हर पुरवायचा. बायकोला सांगितलं, की पित्त झालं होतं.

पंधरवड्याने बायकोने पँट धुवायला काढली आणि खिसे तपासले.

"अहो, हे काय आहे?"

"एका गिऱ्हाइकाचा पत्ता आहे."

"गिऱ्हाइकाला आधारगट म्हणतात का हल्ली?"

मिस्त्री पलंगाच्या कडेला बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. बायको रडली नाही, रागावलीही नाही. पित्ताचं ऐकून पंधरा दिवस आपण याला बेचव जेवायला घातलं, याचंच तिला जास्त वाईट वाटलं. मग तिने चिठ्ठी आरशाच्या चौकटीत खोचली आणि म्हणाली, की बुधवारी मी कामावरून थेट घरी येईन, घरचं बघेन, तुम्ही जाऊन या.

आधारगट भरायचा वाचनालयाच्या चौथ्या मजल्यावर. अठ्ठ्याऐंशी पायऱ्या चढून मिस्त्री दारात पोहोचला तेव्हा त्याला असा दम लागला होता, की आतल्या सगळ्यांना वाटलं याला झटका आलाय. कुणी खुर्ची दिली, कुणी पाणी दिलं, कुणी खिडकी उघडली. श्वास जागेवर आल्यावर त्याने सांगितलं, की झटका नाही, जिना आहे. गोल मांडलेल्या खुर्च्यांवरची पाच माणसं हसली. त्या हसण्यात टिंगल नव्हती, हे त्याला लगेच कळलं.

गट चालवायच्या एक निवृत्त परिचारिका. त्यांना सगळे सिस्टर म्हणायचे. त्यांनी पहिल्यांदा दोन गोष्टी सांगितल्या. हा गट म्हणजे डॉक्टर नव्हे, डॉक्टरांकडे जाणं सोडायचं नाही. आणि इथलं बोलणं या दाराबाहेर जायचं नाही. बाकी चौघांत एक बेकरीवाला होता, दांडगा आणि अखंड बोलणारा. एक गणिताच्या बाई होत्या. वीस वर्षं शिकवल्यानंतर एके दिवशी फळ्यासमोर त्यांचे पाय लटपटले होते, आणि तेव्हापासून त्या वर्गात गेल्या नव्हत्या. शिवाय एक अबोल माळीबुवा आणि कॉलेजात शिकणारी एक मुलगी.

पहिल्या बुधवारी मिस्त्रीला काही फारसं पटलं नाही. बेकरीवाल्याने एकट्याने अर्धा तास खाल्ला. आपण या लोकांइतके आजारी नाही, असं मिस्त्रीने मनाशी दोनदा म्हणून घेतलं. मग गणिताच्या बाई बोलल्या. वर्गाच्या दाराशी गेलं की भिंती जवळ येतात, आणि त्याहून वाईट म्हणजे आपलं हे कुणाला दिसेल ही भीती, असं त्या म्हणाल्या. मिस्त्रीच्या अंगावर काटा आला. त्याचं वाक्य बाईंच्या तोंडून जसंच्या तसं बाहेर पडलं होतं. इतके दिवस त्याला वाटत होतं, की जगात असा बिघाड झालेलं मॉडेल आपण एकटेच.

तिसऱ्या बुधवारी त्याने तोंड उघडलं. मी लिफ्टचा मिस्त्री आहे आणि मी लिफ्टमध्ये जाऊ शकत नाही, एवढंच तो म्हणाला. हसू येण्यासारखंच वाक्य होतं ते. पण कुणी हसलं नाही, तेव्हा तो स्वतःच हसला, आणि मग सगळे. त्या दिवशी तो जिना उतरला तो शीळ घालत.

सगळंच काही गोड नव्हतं. कधी माळीबुवांचं दुःख ऐकून तो घरी यायचा आणि त्याला जेवण जायचं नाही. दुसऱ्याचं ओझं आपण उगाच डोक्यावर घेतलं असं वाटायचं. सिस्टरना त्याने हे सांगितलं. त्या म्हणाल्या, की ऐकायचं, पण उचलून घरी न्यायचं नाही, आणि हे जमायला मला नोकरीची पहिली दहा वर्षं लागली.

दीड महिना असा गेला आणि मग माशी शिंकली.

एका सकाळी मिस्त्री आपल्या लिफ्टच्या कारखान्यात कपडे बदलायला गेला, तर त्याच्या कपाटावर कागद चिकटवलेला होता. त्यावर मोठा बाण, आणि खाली लिहिलेलं, "जिना इकडे आहे." मागे चारपाच जण तोंड दाबून उभे होते. मिस्त्रीचे कान तापले. त्याने जोडीदाराकडे पाहिलं. जोडीदार पांढराफटक पडला आणि शपथेवर म्हणाला, की मी नाही. दुपारपर्यंत उलगडा झाला. कारखान्यातला वेल्डर पाव घ्यायला बेकरीत गेला होता. त्याच्या शर्टावरचा कारखान्याचा शिक्का पाहून बेकरीवाल्याने मोठ्या प्रेमाने विचारलं होतं, की तुमचे मिस्त्री आता लिफ्टमध्ये जायला लागले का, आमच्या गटात फार छान बोलतात ते.

त्या बुधवारी मिस्त्री गेला नाही. पुढच्याही नाही. सिस्टरनी एकदाच फोन केला. चूक आमच्याकडून झाली आहे, तुमची खुर्ची ठेवली आहे, यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. बायकोने चिठ्ठी आरशावरून काढली नाही.

तिसऱ्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसले असताना बेकरीवाला स्वतः कारखान्यात आला. अंगावर पिठाचा एप्रन तसाच. त्याने मिस्त्रीला बाजूला बोलावलं नाही. सगळ्यांच्या मधोमध उभा राहिला.

"मिस्त्री, मी तुमचं बोलणं बाहेर सांडलं. मनात वाईट नव्हतं, पण सांडलं ते सांडलंच. माफी मागायला आलोय." मग तो बाकीच्यांकडे वळला. "आणि तुम्हाला हसायचं असेल तर मला हसा. भाऊ गेल्यापासून दुकान बंद केलं, की भट्टी विझली का ते बघायला मी दहा-दहा वेळा अर्ध्या रस्त्यातून परत जातो. विझलेली असते. तरी जातो."

कुणी हसलं नाही. डब्यांची झाकणं तेवढी वाजली. वेल्डर उठला, कपाटापाशी गेला आणि कागदाचे जे दोन कोपरे अजून चिकटून होते ते नखाने खरवडत बसला.

मिस्त्री त्या बुधवारी गेला. त्याला वाटलं होतं सगळं आनंदीआनंद असेल, पण तसं नव्हतं. गणिताच्या बाई बेकरीवाल्याला स्पष्ट म्हणाल्या, की तुम्ही माणूस चांगले आहात, पण मला आता तुमच्यासमोर बोलायची भीती वाटते. सिस्टरही म्हणाल्या, की आपलं गुपित उघडं केल्याने दुसऱ्याचं झाकलं जात नाही. बेकरीवाल्याने मान हलवली. मी येणं थांबवू का, असं त्याने विचारलं. मग एकेकाला विचारण्यात आलं. मुलगी म्हणाली राहा. माळीबुवा म्हणाले राहा, पण ऐका जास्त. मग मिस्त्रीची पाळी आली. तो म्हणाला, की कारखान्यात सगळ्यांसमोर उभं राहायला जी हिंमत लागते ती माझ्यात नाही, ती असलेला माणूस मला गटात हवाय. बाई शेवटी म्हणाल्या, की बघू. त्या दिवशी बेकरीवाला पाऊण तास एक शब्द बोलला नाही. त्याला किती कष्ट पडत होते ते त्याच्या कपाळावर दिसत होतं.

पुढे आठदहा बुधवार गेले. गणिताच्या बाई पुन्हा बेकरीवाल्यासमोर बोलू लागल्या, आधी मोजकं, मग मोकळं. आठवड्यातून एक तास वर्गावरही जायला लागल्या. मिस्त्री डॉक्टरांच्या सांगण्यावरून लिफ्टच्या उघड्या दारात उभं राहायचा सराव करत होता. आधी एक मिनिट, मग पाच. दार बंद करायचं मात्र धाडस होईना. एका संध्याकाळी हे त्याने बोलून दाखवलं, तर मुलगी म्हणाली, की मग आपण सगळेच जाऊ या की, लिफ्ट तर इथेच आहे.

झालं. सगळे जिना उतरून तळमजल्यावर आले. वाचनालयाची लिफ्ट जुनी होती. आत पाटी होती, सहा माणसं, चारशे आठ किलो. सिस्टर आत गेल्या, मग बाई, माळीबुवा, मुलगी. मिस्त्रीने खोल श्वास घेतला आणि आत पाऊल टाकलं. शेवटी बेकरीवाला आला आणि लिफ्ट कर्कश बोंबलायला लागली.

"वजन जास्त झालं," मिस्त्री म्हणाला.

"माणसं सहाच आहेत," गणिताच्या बाई म्हणाल्या. "थांबा, बेरीज करू. आपापलं वजन सांगा."

एकेकाने सांगितलं. सिस्टर खालच्या आवाजात पुटपुटल्या. बेकरीवाल्याने छताकडे बघत आकडा सांगितला. बाईंनी डोळे मिटून बेरीज केली आणि म्हणाल्या, की तीनशे एकसष्ट. म्हणजे जागा शिल्लक आहे.

लिफ्ट बोंबलतच होती. सगळ्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं.

"काटा चुकीचा आहे का?" मुलीने विचारलं.

मिस्त्रीने डब्याच्या तळाकडे कान दिला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "काटा बरोबर आहे. या खोक्यात कुणीतरी खोटं बोलतंय."

आधी माळीबुवा फुटले. चार महिन्यांत ज्यांचं मोठ्याने हसणं कुणी ऐकलं नव्हतं, ते भिंतीला टेकून खो-खो हसले. सिस्टरनी कबूल केलं, की मी सहा किलो गाळले. बाई म्हणाल्या मी चार. मुलगी म्हणाली मी खरं सांगितलं, आणि लगेच म्हणाली, की बरं, दोन. दर बुधवारी काळीज उघडून बोलणारी ही माणसं वजनकाट्यापुढे एकजात लबाड निघाली होती. बेकरीवाल्याने किती गाळले ते सांगितलंच नाही. मी जिन्याने येतो, तुम्ही व्हा पुढे, असं म्हणत तो बाहेर पडला. बोंब थांबली. दार सरकून बंद झालं.

मिस्त्री अजून डोळे पुसत होता. लिफ्ट निघाली आहे हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा पहिला मजला मागे पडला होता. दुसऱ्याच्या पुढे छाती धडधडायला लागली. भिंती जवळ यायच्या बेतात होत्या. तेवढ्यात पलीकडच्या जिन्यावरून, धापा टाकत, बेकरीवाल्याची हाक आली, की मी दुसऱ्यावर आहे, थांबू नका. गणिताच्या बाईंनी मिस्त्रीचं मनगट घट्ट धरलं. तो धडधड ऐकत राहिला, हसत राहिला, घाबरत राहिला, तिन्ही एकदम. चौथ्यावर दार उघडलं. बाहेर पडताना त्याचा चेहरा लग्नघरातल्यासारखा उजळला होता.

बेकरीवाला दोन मिनिटांनी वर पोहोचला, तेव्हा त्यालाच खुर्ची आणि पाणी द्यावं लागलं.

हळूहळू मिस्त्री कामावर सावरला. डब्यात शिरू लागला, मग डोक्यावर चढू लागला. खड्ड्यात उतरताना अजून जोडीदाराला वरून काहीतरी बोलत राहावं लागतं. जोडीदार बिचारा आपल्या सासुरवाडीच्या तक्रारी सांगतो, त्या काही संपत नाहीत.

एका रविवारी बायको म्हणाली, की माझ्या मावशीकडे जाऊ या का, वर्ष झालं. मावशी अकराव्या मजल्यावर राहायची. मिस्त्रीने शर्ट बदलला आणि चल म्हणाला. लिफ्टमध्ये बायकोने त्याचा हात हातात घेतला. तिचा तळवा त्याच्याहून जास्त घामेजला होता. तेव्हा तोच तिला समजावू लागला. आत्ता टक् झालं ना, तो ब्रेक सुटला. ही घरघर मोटारीची, चांगली आहे, तेलपाणी वेळेवर होतंय. आणि हे सुळ्ळकन गेलं ते काउंटरवेट, दोराच्या दुसऱ्या टोकाला डब्याला तोलणारं वजन, आपण अर्ध्यावर आलो, की ते आपल्याला ओलांडून खाली जातं.

"दर वेळी जातं?" बायकोने विचारलं.

"दर वेळी. आपण वर गेलो, की ते खाली. आपण खाली, की ते वर."

"बावीस वर्षं झाली लग्नाला. हे कधी सांगितलं नाहीत."

अकराव्या मजल्यावर दार उघडलं. मावशी गॅलरीतच उभी होती. बायको बाहेर पडेना. मावशीला तिने सांगितलं, की दोन मिनिटं थांब गं, आम्ही जरा खाली जाऊन येतो, मला ते सुळ्ळकन पुन्हा ऐकायचंय. आणि मिस्त्रीने तळमजल्याचं बटण दाबलं.