मुरमावरच्या तहानलेल्या पोरी

माघातली सकाळ. धुकं अजून ओढ्यात लोळतंय, आणि दिंडोरीकडच्या त्या टेकडीवर मात्र ऊन केव्हाच पोचलेलं. तांबूस ऊन, तिरपं ऊन, कोवळं ऊन.

खाली काळी माती. मऊ, ओलसर, पाणी पोटात धरून निजणारी. तिच्यावर खायच्या द्राक्षांची बाग. टपोरी, लांबट, हिरवीगार, लाडावलेली.

वर मुरूम. तांबडा, खरखरीत, रुक्ष मुरूम. पाणी ओता, तो खाली सोडून देणार. कुणाचं काही धरून न ठेवणारा, वैरागी मुरूम.

त्या मुरमावर वृषालीची शिराझ.

(शिराझ म्हणजे वाइनची द्राक्षं. काळीजांभळी, बारकी, जाड सालीची. वृषालीच्या आईच्या, सगुणाबाईंच्या मते: कुपोषित.)

लग्नाआधी वृषालीने वडिलांकडे सोनं नाही मागितलं, हा माळ मागितला. कुसळंही जिथे वाकडी उगवायची, तो माळ. तीन वर्षं तिने तो जोपासला. आणि आता, पहिली तोड तोंडावर आलेली असताना, ती माहेरी आली होती बाळंतपणाला. सातवा महिना, सुजलेले पाय, चढ चढायला बंदी. खिडकीशी खाट. खिडकीत टेकडी. टेकडीवर डोळे.

गुरुवारी वायनरीचे कुलथेसाहेब येणार. मण्यातली साखर मोजणार. तेवीस अंश भरली तर अख्ख्या माळाची द्राक्षं घेणार.

नाही भरली तर?

तर ही बियांची, चिमुकली द्राक्षं बाजारात कुणी फुकटही नेणार नाही. तीन वर्षं मुरमात.

पाणी.

पाणी द्यायचं नाही, एवढंच काम. मण्यांवर रंग चढला की वेलीला तहान लागू द्यायची. तहानलेली वेल शेंडे थांबवते, पानांचा हट्ट सोडते आणि असेल नसेल ते मण्यात ओतते. दिवसाचं ऊन त्यात गोडी भरतं, रात्रीची थंडी त्यातला आंबटपणा राखते. मुरूम काहीच देत नाही. आणि ते न देणंच मोलाचं असतं.

"म्हणजे उपाशी मारायचं," सगुणाबाई म्हणाल्या.

"मारायचं नाही गं. जरा ओढून धरायचं."

"पोटुशीला?"

"आई, वेल आहे ती."

"घड लागलेत ना? मग पोटुशीच."

त्यात घरात साखरेचे दोन कायदे. डॉक्टरीणबाई सांगून गेल्या: वृषालीची साखर वाढू देऊ नका. कुलथेसाहेब सांगून गेले: वेलींची वाढू द्या.

"तुम्ही शिकलेली माणसं एकदा काय ते ठरवा," सगुणाबाई म्हणाल्या, आणि लेकीच्या उशाशी डिंकाचा लाडू ठेवून आत गेल्या.

सगुणाबाई. आल्यागेल्याचं नाव विचारण्याआधी हातात पाण्याचा तांब्या देणाऱ्या सगुणाबाई. टपालवाल्याला पाणी, बोहारणीला पाणी, चुकून दारात आलेल्या परक्या गाईला पाणी. त्यांनी खिडकीतून तो माळ रोज पाहावा, सुकल्या ओठांच्या त्या पोरी पाहाव्यात, आणि

आणि गप्प बसावं?

तांदूळ धुतलेलं पाणी. डाळ धुतलेलं पाणी. चहाची पातेली विसळलेलं पाणी. पदराआड भगुलं, भगुल्यात खळखळ, खळखळीत माया. घराजवळच्या पहिल्या ओळीपर्यंत रोज एक आई गुपचूप जात होती, येत होती, जात होती, येत होती.

माळ पिवळा पडत गेला. पानांच्या कडा तांब्यासारख्या झाल्या. एकच ओळ हिरवी. हळदीच्या अंगावर कुणी पोपटी रिबीन बांधावी तशी.

"आई, पहिली ओळ अशी हिरवी कशी गं?"

"दव पडतं."

"एकाच ओळीवर?"

"घराजवळ आहे ना ती," सगुणाबाई म्हणाल्या, आणि भांडी फार जोरात वाजू लागली.

गुरुवार. कुलथेसाहेब आले. गोल, गोरे, घामेजलेले. एका हातात साखर पाहायची नळी, दुसरा हात गुडघ्यावर. पाण्याचा तांब्या रिकामा करून ते चार पावलं चढले, आणि थांबले.

पहिल्या ओळीपाशीच थांबले.

खिडकीत वृषाली उठून बसली.

"बघा कशी तजेलदार!" सगुणाबाई म्हणाल्या. तजेलदार होतीच. साहेबांनी एक मणी पिळला. थेंब काचेवर घेतला. नळी डोळ्याला लावून सूर्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अठरा."

"चांगलंय की!"

"बाई, पाणी कुणी दिलं?"

"कुणी नाही."

साहेब वाकले. बुंध्याशी तांदळाचे दाणे. तुरीची टरफलं. चहाची पत्ती. एक वेलदोड्याचं साल.

"मसाल्याचा चहा?" साहेबांनी विचारलं.

सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग हळूहळू त्यांनी खिडकीकडे पाहिलं. तिथे लेकीचा चेहरा. रागावलेला नाही, नुसता विझलेला. तो चेहरा रागावलेला असता तर त्यांना सोपं गेलं असतं.

"साहेब, वर चला. वरच्यांना मी नाही दिलं. भगुलं घेऊन तिथवर चढवत नाही मला."

"एका ओळीवरून अंदाज येतो, बाई. आणि माझा गुडघा..."

"गुडघा म्हणे! तीन वर्षं माझी पोरगी चढली. तुम्हाला एकदा होईना?"

आणि मग टेकडीने ते दृश्य पाहिलं: पुढे वायनरी, मागे माउली. साहेब धडपडत, घसरत, सगुणाबाई दोन्ही हातांनी त्यांना ढकलत. मुरूम पायाखालून सरकत, खडे गडगडत, चिमण्या उडत. चढ. दम. शिव्या न देण्याचा दोघांचाही आटोकाट प्रयत्न. चढ.

माथ्यावर वारा. कोरडा, थंड, स्वच्छ वारा. इथल्या वेली काटक, पानं विरळ, मणी सुरकुतायच्या बेतात आलेले.

साहेबांनी थेंब घेतला. नळी लावली. दुसरी वेल. नळी. तिसरी ओळ. नळी. 

सगुणाबाईंना धीर धरवेना. त्यांनी एक मणी तोडून तोंडात टाकला. आजवर त्यांनी फक्त आपल्या पोसलेल्या ओळीचे मणी खाल्ले होते.

साल फुटली.

गोडी आली, आणि थांबेना. दाट, काळी, करकरीत गोडी. मागून आंबट, मागून तुरट, मागून पुन्हा गोड.

"अगं बाई," त्या पुटपुटल्या, "ही तर रागानं गोड झालीय."

"चोवीस," साहेब म्हणाले. "शनिवारी तोड. खालची ओळ सोडून सगळं."

खिडकीतल्या लेकीला काहीच ऐकू येत नव्हतं. तिला दिसत होत्या आकाशाला टेकलेल्या दोन आकृत्या. एक गोल, एक किडकिडीत. मग किडकिडीत आकृतीने तोंडाभोवती हात धरले, आणि सगळ्या शिवाराला ऐकू गेलं:

"वृषेऽऽ! घेतल्या गंऽऽ! तुझ्या उपाशी पोरी सगळ्या पास! माझी तेवढी नापास!"

खाटेवर वृषाली हसली, हसता हसता रडली, आणि रडता रडता खिडकीचा गज घट्ट धरून राहिली.

वर ऊन पिकत होतं. सगुणाबाई सावकाश उतरत होत्या, ओळीमागून ओळ, वेलीमागून वेल. प्रत्येकीच्या बुंध्याला क्षणभर हात लावत, बोलत काही नाही, देत काही नाही. बोटं जांभळी, हात रिकामे, आणि पदरात नुसता वारा.