डांबरावर चुना

"वास घे! तुह्याच नाकाले समजू दे," म्हणत देवकाबाईनं कॅनचं झाकण उघडून रूपरावच्या नाकाखाली धरलं.

रूपराव मागं सरकला नाही. वर्ध्यापासून आंजीपर्यंत तो आंबूस वास घेतच आला होता. दूध केंद्रावरच्या माणसानं नळीत थोडं दूध उकळून पाहिलं, ते फाटलं, अन् सगळेच्या सगळे कॅन परत. आठ दिवसांत ही दुसरी खेप.

"वयनी, मी का दूध फाडतो?"

"तू नाई फाडत, तुह्यी गाडी फाडते! त्या काळ्या टपाखाली माणूस शिजून राह्यला, दुधाचं काय सांगतं?"

देवकाबाईजवळ दोन म्हशी. नवरा गेल्यापासून घर त्या म्हशींवरच. गावातल्या चाळीसेक घरांचं दूध सोसायटीच्या जुन्या मेटाडोरनं जायचं. रूपराव ती गाडी पहाटेच काढायचा, पण चार वस्त्या फिरून वर्धा गाठेपर्यंत अकरा वाजायचे. आणखी एक डाव दूध फाटलं तर उन्हाळाभर आंजीचं दूध घ्यायचं नाही, असं केंद्रानं सोसायटी चालवणाऱ्या अण्णाजींना तोंडावर सांगितलं होतं.

खोट टपाची होती, अन् ती रूपरावनं आपल्या हातानं करून ठेवली होती. टप गंजून त्याला भोकं पडली होती. मागल्या पावसाळ्यात पाणी कॅनवर ठिबकू लागलं, तेव्हा सडकेच्या कामावरचं उरलंसुरलं डांबर आणून त्यानं टपावर दोन हात दिले. गळणं थांबलं. गावानं शाबासकी दिली. पुढं उन्हाळा येणार आहे हे त्या चिखलात कोणाच्या ध्यानात आलं नाही. वैशाख लागला अन् टप तव्यासारखा तापू लागला.

"खरडून टाक ते डांबर," अण्णाजी म्हणाले.

"खरडलं तं खाली काई उरत नाई, अण्णाजी. आता डांबर हाच टप हाय."

"मंग चुना मार वरून. घराले मारतो तसा."

रूपरावनं तेही केलं. गाडी एक दिवस पांढरीशुभ्र दिसली. दुसऱ्या दिवशी पोपडे सुटले. वाऱ्यावर उडून मागून येणाऱ्या सायकलवाल्यांच्या टोप्यांवर पडू लागले. लोक हसले. रूपरावला हसूही आलं नाही अन् रागही आला नाही. अंगात तेवढं बळच उरलं नव्हतं.

मंगरू हे सगळं लिंबाखाली बसून पाहत होता. हा गोंड म्हातारा गावाच्या टोकाला राहायचा. उभा जन्म त्यानं चुन्याच्या भट्टीवर काढला होता. विचारल्याशिवाय बोलायची त्याला सवय नव्हती. शेवटी देवकाबाईनंच विचारलं, "मंगरूबाबा, तुमी काऊन चूप बसले?"

"डांबर चुन्याले धरत नाई, माय. डांबर वाळूले धरते. वाळू चुन्याले धरते."

"म्हंजे?"

"भर उन्हात डांबर पाझरते. तवा त्यावर बारीक वाळू मारा लागते. ते गिळते वाळूले. थंडं झालं का टप खरबरीत होते. मंग चुना बसते. पर काम दुपारी बाराचं हाय."

"बारा वाजता टपावर कोन चढन बाप्पा?" अण्णाजींनी विचारलं.

"कोन म्हंजे? डांबर ज्यानं लावलं तो," देवकाबाई म्हणाली.

रूपरावनं मान हलवली. त्यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

"आनि गाडी तीन दिवस हलवाची नाई," मंगरू म्हणाला. "चुना सावलीत, ओला ठेवून मुरू द्या लागते. घाई केली का मागच्यावानी सायकलवाल्याच्या टोपीवर."

आता अण्णाजी उठून उभेच राहिले. "तीन दिवसांचं दूध काय माह्या डोस्क्यावर ओतता?"

देवकाबाईनं पदरानं मानेवरचा घाम टिपला. या दिवसांत घरात नुसतं बसवत नव्हतं, तिथं चुलीपुढं बसायचं म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं.

"आमी बाया खवा आटवतो," ती म्हणाली. "उन्हाळाभर दूध घरात नासण्यापरीस तीन दिवस चूल फुकलेली बरी. मी सांगते बायांले."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता पायांना ओली पोती बांधून रूपराव टपावर चढला. डांबर काळ्या पाण्यासारखं चमकत होतं. खालून मंगरू नदीची चाळलेली वाळू घमेल्यानं वर द्यायचा, रूपराव मुठीमुठीनं ती फेकायचा.

"मूठ ढिली सोड, भौ! कोंबड्यायले दाने टाकून राह्यला का?"

"तू वर येऊन पाह्य, म्हताऱ्या!"

"मी भट्टीवर चाळीस वर्सं होतो. आता तुह्यी पाळी."

पोती दोनदा वाळली, दोनदा भिजवली. दोन वाजता खाली उतरला तेव्हा रूपरावच्या तळव्यांना फोड आले होते. गाडी ढकलत लिंबाच्या सावलीत आणली. संध्याकाळी मोकळी वाळू झाडून काढली. मंगरूनं विझवलेला चुना लुगड्याच्या फडक्यातून गाळला, त्यात भिजवलेला बाभळीचा डिंक घातला, मूठभर मीठ टाकलं. तीन हात दिले. विहिरीचं पाणी तळाला गेलेलं, तरी देवकाबाई येताजाता टपावर शिंपडायला तांब्याभर आणून ठेवायची. धुरानं तिचे डोळे सुजले होते. गावभर खव्याचा वास होता, अन् खाणाऱ्यांना त्याचाही कंटाळा आला होता.

चौथ्या दिवशी गाडी निघाली. ऊन रोजचंच होतं. गाडी खड्ड्यातून जायची तेव्हा रूपराव आरशात पाहायचा, मागं काही पांढरं उडतं का म्हणून. नाही उडालं.

केंद्रावरच्या माणसानं नळीत दूध घेतलं अन् दिव्यावर धरलं. रूपरावनं तोंड फिरवलं. समोरच्या भिंतीवर काहीबाही लिहिलं होतं. तो वाचत राहिला, पण काय वाचलं ते त्याला कळलं नाही.

"हं, पुढचा कॅन," माणूस म्हणाला.

दुपारी गाडी गावात आली तेव्हा देवकाबाई लिंबाखाली उभी होती. "घेतलं?"

"घेतलं."

"समदं?"

"समदं."

ती हसली नाही. होती तिथंच खाली बसली अन् झाडाला पाठ टेकली. सुजलेले डोळे पुसत म्हणाली, "मंग आता चूल इझवते बाप्पा."

मंगरूनं टपावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं. "पावसानं थोडा धुपन हा चुना. दर उन्हाळ्यात एक हात मारा लागन."

"मारू," रूपराव म्हणाला.

त्यानं गाडीचं मागचं दार उघडलं. रिकामे कॅन एका बाजूला सारले. भर दुपारी तो त्याच टपाखाली, आतल्या पत्र्यावर आडवा झाला, अन् दार लावायचं ध्यानात यायच्या आधीच झोपी गेला.